वाकवलेली निलगिरी: लाकूड घडवणाऱ्या जनुकांच्या मागावर, जून ते डिसेंबर

नाशिकमधल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी, मी आणि माझ्या वर्गमैत्रिणीने केलेल्या कामाच्या या नोंदी. खोडातून आरएनए (चालू असलेल्या जनुकाची पेशीने काढलेली नक्कल) काढायचं कुणी मनावर घेतलं असेल, तर त्यांचे निदान दोन महिने वाचावेत म्हणून वहीतलं जवळपास सगळं इथे उतरवते आहे. कोवळ्या पानातून आरएनए काढणं आणि लाकडातून काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो आम्हाला चुका करून कळला.

११ जून

झाड ठरवण्यातच आठवडा गेला. माझ्या मनात साग होता. पेठ, सुरगाण्याकडे सागाला तोटा नाही आणि २०१९ साली त्याचा जीनोमही (संपूर्ण जनुकसंच) प्रसिद्ध झाला आहे. पण साग उन्हाळ्यात पानं गाळून उभा असतो. पालवी फुटली की लाकूड धरायला लागतो आणि हिवाळ्यात पुन्हा थांबतो. आमच्याकडे जानेवारीपर्यंतच वेळ, एक हंगाम चुकला की संपलं. दुसरा विचार सुबाभळीचा झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुबाभळीच्या लिग्निनच्या (लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याच्या) जनुकांवर बरंच काम झालेलं आहे.

शेवटी निलगिरी घेतली. कारण साधं. युकॅलिप्टस ग्रँडिस या जातीचा जीनोम २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. ११ गुणसूत्रं, डीएनएची सुमारे ६४ कोटी अक्षरं, ३६,३७६ जनुकं, आणि ते सगळं फुकट बघता येतं. शिवाय पाणी मिळालं तर निलगिरी हिवाळ्यापर्यंत वाढत राहते.

प्रश्न एवढाच ठेवला: रोप कलतं केलं की खोडाच्या वरच्या बाजूला कोणती जनुकं जास्त चालू होतात? रुंद पानांची झाडं कलली की वरच्या बाजूला ताणाचं लाकूड तयार करतात आणि स्वतःला वर ओढून घेतात. त्यात सेल्युलोज जास्त, लिग्निन कमी. पाइनसारखी सूचिपर्णी झाडं उलट करतात, खालच्या बाजूने ढकलतात. आम्हाला ही गोष्ट आवडली ती अशासाठी की एकाच रोपाची वरची आणि खालची बाजू ताडून बघता येते. तोच डीएनए, तीच माती, तेच पाणी. आमच्यासारख्या, साधनं कमी असलेल्या प्रयोगशाळेला याहून स्वस्त तुलना मिळणार नाही.

१८ जून

एका रोपवाटिकेतून २४ रोपं आणली, १८ रुपयांना एक. क्लोन आहेत असं सांगितलं होतं. कॉलेजात आणून रांगेत लावली तेव्हा विभागातल्या मॅडमनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "ही बियांची रोपं आहेत." पानांची रुंदी वेगळी, देठांचा लाल रंग वेगळा, उंचीत वीतभर फरक. एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली रोपं अशी दिसत नाहीत. बियांच्या रोपांत प्रत्येकाचा जनुकसंच वेगळा, म्हणजे दोन रोपांतला फरक कलण्यामुळे की वंशामुळे हे सांगता येणार नाही.

४३२ रुपये गेले. परत घ्यायला नकार मिळाला. दुसरीकडून २० क्लोन आणले, ३० रुपयांना एक. आणण्याआधी मुळांकडची माती थोडी उकरून बघितली. क्लोनच्या बुडाशी छाटाचा कापलेला तुकडा दिसतो आणि मुळं त्याच्या कडेने फुटलेली असतात. बियांच्या रोपाला सरळ सोटमूळ असतं. रोपं घेताना हे जरूर बघा.

२ जुलै

१० रोपं कलती, १० सरळ. पिशवीसकट रोप विटांच्या उतारावर ४५ अंशांत टेकवलं आणि खोड बांबूला सुतळीने तीन ठिकाणी बांधलं. बांबू नसेल तर शेंडा चार दिवसांत वर वळतो आणि खोडाचा प्रत्येक भाग वेगळ्या कोनात येतो. एका बियाच्या रोपावर आधी करून बघितलं होतं, पाचव्या दिवशी शेंडा आकाशाकडे. वरच्या बाजूला प्रत्येक दहा सेंटिमीटरवर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका दिला. कापल्यावर वरची बाजू कोणती, हे खोडाकडे बघून अजिबात कळत नाही.

१३ जुलै

दोन दिवस गावी गेले होते. येऊन बघते तर सगळी रोपं ताठ उभी. माळीकाकांना वाटलं वाऱ्या-पावसाने पडली, म्हणून त्यांनी एकेक रोप सरळ करून, नीट आळं करून, पाणीसुद्धा घातलं होतं. किती मायेने केलं होतं त्यांनी! त्यांना आम्ही काही सांगितलंच नव्हतं, चूक पूर्ण आमची. पण ११ दिवस गेले. रोप पुन्हा सरळ झालं की पेशी लगेच दुसऱ्या बाजूचा हिशोब सुरू करतात, त्यामुळे 'थोडा वेळच सरळ होतं' म्हणून ते चालवून घेता येत नाही.

१६ जुलै

नव्याने कलती केली, यावेळी सगळी मूळच्याच बाजूला, म्हणजे ठिपके वरच राहिले. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ही झाडं मुद्दाम वाकडी ठेवली आहेत. सरळ करू नये.' माळीकाकांना बसवून सगळं समजावलं. तेव्हापासून रोज सकाळी सुतळ्या घट्ट आहेत का, हे तेच बघतात. कामाचा पहिला दिवस हाच धरला.

२४ जुलै

जनुकं निवडली. मोह वीस-पंचवीस घेण्याचा होतो. मॅडमनी आठवर आणलं.

एक नॅक कुळातलं, कारण लाकडाच्या पेशीची दुय्यम भिंत बांधायला सुरुवात करण्याची कळ या कुळाकडे असते. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी व्हीएनडी ६ आणि व्हीएनडी ७ ही दोन जनुकं साध्या पेशींत जबरदस्तीने चालू केली, तर त्या पेशी जलवाहिन्यांच्या पेशींसारख्या झाल्या. त्यांच्या खालच्या पायरीवरचं मायब-२, जे निलगिरीतच ओळखलं गेलं. मग प्रत्यक्ष माल बनवणारी: सेल्युलोजसाठी सेसए, लिग्निनसाठी सीसीआर आणि सीएडी. ताणाच्या लाकडात वाढतं असं वारंवार नोंदलेलं एफएलए. आणि तुलनेचा आधार म्हणून, म्हणजे बाकीचे आकडे ज्यांनी भागायचे ती, ट्युब्युलिन व अ‍ॅक्टिन. या शेवटच्या दोघांबद्दल पुढे ऑक्टोबरमध्ये लिहिलं आहे.

१६ प्रायमर (जनुकाचा कोणता भाग वाढवायचा हे ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे), प्रत्येकी २० अक्षरं, १४ रुपये अक्षर. ४,४८० आणि जीएसटी धरून ५,२८६ रुपये. जमेल तिथे प्रायमरच्या जोडीमध्ये इंट्रॉन (आरएनएतून गाळला जाणारा जनुकाचा भाग) येईल असं बघितलं, म्हणजे जीनोमिक डीएनए मिसळला तर जेलवरचा पट्टा मोठा दिसून लगेच कळेल.

६ ऑगस्ट

द्रव नायट्रोजनसाठी आठवडाभर फोन केले. मार्ग मामांच्या गावात सापडला. मामा दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतात आणि घरी चार गाई आहेत. गाई भरवायला येणाऱ्या डॉक्टरांकडे वीर्याच्या कांड्या ठेवायचा नायट्रोजनचा कंटेनर असतोच. त्यांनी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला पत्ता दिला आणि रिकामा १० लिटरचा कंटेनर दोन दिवसांसाठी वापरायला दिला. ५० रुपये लिटरप्रमाणे ५०० रुपये.

आणताना गाडीच्या चारही काचा खाली ठेवल्या. कंटेनरचं झाकण सैलच असतं, ते घट्ट करायचं नाही, वायूला वाट लागते. आणि बंद गाडीत तोच वायू हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो. पाऊस आत येत होता, भिजलो, पण काचा लावल्या नाहीत.

८ ऑगस्ट

पहिली कापणी, २४ वा दिवस. ३ कलती, ३ सरळ. बुडाशी खोडाची जाडी साधारण अंगठ्याएवढी.

साल सोलली आणि सालीची आतली ओलसर बाजू खरवडली. ती गुळगुळीत, पांढरी, भरपूर मिळते, हेच नवं लाकूड असणार असं दोघींनी धरलं. चूक. साल सुटते ती कॅम्बियमजवळ (साल आणि लाकूड यांच्यामधला वाढणारा थर), आणि सालीबरोबर जातो तो बहुतेक रसवाहिन्यांचा भाग. नवं लाकूड उरतं आतल्या कांडीवर. हे आम्हाला दोन आठवड्यांनी, पातळ छेद घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर समजलं. सहा रोपं गेली.

आणखी एक: दोन नळ्यांत द्रव नायट्रोजन राहिला असताना झाकणं लावली. एक झाकण फटकन उडालं आणि छतावर आपटलं. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून झाकणाला तापवलेल्या सुईने भोक पाडतो.

१२ ऑगस्ट

विकतचं कॉलमचं किट, ५० वेळा पुरणारं, ११,५०० रुपये. खल-बत्त्यात वाटलेली भुकटी बफरमध्ये घातली आणि पाच मिनिटांत तिची तपकिरी खळ झाली. कॉलममधून थेंब खाली उतरेना. फिनॉल आणि चिकट शर्करा यांचा हा प्रताप. जे काही आलं त्याचं २६०/२३० गुणोत्तर, म्हणजे शुद्धतेचं माप, ०.४. वापरण्यालायक नमुन्याचं निदान १.८ हवं. चार नमुने असेच गेले, मग हात आखडता घेतला.

१९ ऑगस्ट

सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या पद्धतीवर आलो. ही १९९३ मध्ये पाइनच्या झाडांसाठी प्रसिद्ध झाली आणि आजही लाकडाच्या कामात वापरतात. बफर: २ टक्के सीटॅब, २ टक्के पीव्हीपी, १०० मिलिमोलर ट्रिस, २५ मिलिमोलर ईडीटीए, २ मोलर मीठ, थोडं स्पर्मिडीन, आणि ऐनवेळी २ टक्के बीटा-मरकॅप्टोइथेनॉल. हे शेवटचं फ्यूम हूडमध्येच घालायचं. मग ६५ अंशांवर गरम, क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोलने दोनदा धुणं, लिथियम क्लोराइड घालून ४ अंशांवर रात्रभर.

पहिल्या खेपेला मी तयार बफरमध्येच डीईपीसी घातलं. डीईपीसी ट्रिसशीच अभिक्रिया करून संपतं, आरएनए खाणाऱ्या विकरांसाठी काही उरत नाही. डीईपीसी आधी पाण्यात घालायचं, ते पाणी ऑटोक्लेव्ह करायचं, आणि त्या पाण्यात ट्रिस विरघळवायचं. लेबलवर हे लिहिलेलं नव्हतं. एक लिटर बफर ओतून दिला.

दुसऱ्या खेपेला रात्री पावसात वीज गेली ती सकाळी सातला आली. फ्रिजमधले नमुने सकाळी हाताला गारसुद्धा लागत नव्हते. आता लिथियम क्लोराइडच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून मग फ्रिजमध्ये ठेवतो.

२५ ऑगस्ट

पहिल्यांदा चांगला आरएनए. जेलवर दोन स्वच्छ पट्टे, वरचा खालच्यापेक्षा ठळक. २६०/२८० गुणोत्तर १.९७, २६०/२३० गुणोत्तर १.९. हा नमुना सालीच्या आतल्या बाजूचा, त्यामुळे प्रकल्पाच्या कामाचा नाही, पण पद्धत बसली. मैत्रिणीने जेलचा फोटो लगेच घरी पाठवला.

२ सप्टेंबर

दुसरी कापणी, ४९ वा दिवस. ही मामांच्या ओट्यावर केली आणि इथून कामाला वळण लागलं.

आधी सगळं त्यांना सांगितलं: साल कुठे सुटते, काय खरवडायचं होतं, काय खरवडलं. मामांनी द्राक्षाच्या गर्डलिंगचा चाकू आणला. दोन समांतर पात्यांचा, वेलीच्या खोडावरून फिरवला की चार-पाच मिलिमीटर रुंदीची सालीची पट्टी निघते आणि आतल्या लाकडाला ओरखडाही उठत नाही. मणी फुगावेत म्हणून बागायतदार ही पट्टी काढतात. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे न जाता वरच अडते. त्यांनी अंगठ्याने खोड दाबलं, सालीवर बोटाचं टोक घासलं. म्हणाले, "कलमाचा डोळा भरायचा असला तरी हेच बघायचं. साल सुटत असेल तर झाड चालू आहे. सुटत नसेल तर झोपलंय, त्याला हात लावू नको."

रोप दावणीच्या दगडावर आडवं धरलं, ठिपका वर. त्यांनी दोन ठिकाणी गोल कापलं, एक उभी चीर दिली, आणि नखाने साल उचलली. ती ओल्या कागदासारखी, एकसंध निघाली. आतली कांडी पाण्याने धुतल्यासारखी चकाकत होती. त्यावर ब्लेड जवळजवळ आडवं धरून, जोर न लावता, एकाच दिशेने ओढलं. पात्याच्या कडेला पांढरट, किंचित चिकट असा लगदा जमला, तांदळाच्या पेजेवरच्या सायीसारखा. दोन-तीन ओढींनंतर पातं करकरायला लागतं. तो आवाज आला की थांबायचं, कारण त्याखालच्या पेशींच्या भिंती बांधून झालेल्या असतात आणि बहुतेक मेलेल्या असतात, त्यांत आरएनए नाही. सगळं काम त्या करकर आवाजाच्या आधीचं.

वरच्या बाजूचा लगदा वेगळा, खालच्याचा वेगळा, मधल्या दोन्ही बगला सोडून दिल्या. साल काढल्यापासून नळी नायट्रोजनमध्ये जाईपर्यंत ४० सेकंद. हा सराव आधी त्या बियांच्या रोपांवर केला होता, म्हणून त्यांचे पैसे अगदीच वाया गेले असं म्हणवत नाही. एका रोपाच्या एका बाजूचा लगदा साधारण ७० मिलिग्रॅम. पहिल्या वेळेसारखं तीन रोपांचं एकत्र केलं नाही. प्रत्येक रोप वेगळं ठेवलं, म्हणजे तीन स्वतंत्र आकडे मिळतील.

५ सप्टेंबर

७० मिलिग्रॅममधून सरासरी ६ मायक्रोग्रॅम आरएनए. सीडीएनएसाठी (आरएनएवरून उतरवलेला डीएनए) एक मायक्रोग्रॅम पुरतो. बाराच्या बारा नमुने चांगले. कलत्या तीन रोपांच्या दोन बाजू आणि सरळ तीन रोपांच्या दोन बाजू.

१९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर सीडीएनए केला. एफएलएचा पट्टा सुरेख आला, पण ज्या नळीत आरटी विकर (आरएनएवरून डीएनए उतरवणारं) घातलंच नव्हतं तिच्यातही तोच पट्टा. म्हणजे जीनोमिक डीएनए. सेसएच्या प्रायमरमध्ये इंट्रॉन होता म्हणून तिथे फरक दिसला असता. आम्ही निवडलेल्या एफएलएमध्ये इंट्रॉनच नाही, त्यामुळे दोन्ही पट्टे एकाच मापाचे. डीएनए तोडणारं डीएनेज मागवलं, ३,२०० रुपये, सहा दिवस थांबलो. आरटी न घातलेली नळी लावली नसती तर हाच पट्टा आम्ही निकाल म्हणून छापला असता.

२७ सप्टेंबर

आमच्याकडे रिअल टाइम पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढत असतानाच मोजणारं मशीन, नाही. साध्या पीसीआर मशीनवर प्रती वाढवण्याच्या २२, २५, २८ आणि ३२ फेऱ्यांना नमुने थांबवून पट्ट्यांची तीव्रता मोजली. ३२ ला सगळेच पट्टे सारखे जाड होतात, तिथे तुलना निरर्थक. बहुतेक जनुकांना २५ योग्य ठरल्या.

निकाल बघून दोघी गप्प झालो. ट्युब्युलिनशी भागून पाहिलं तर कलत्या रोपाच्या वरच्या बाजूला जवळजवळ सगळी जनुकं कमी. एफएलए किंचित जास्त, सेसए कमी, बाकी सगळी कमी. वाचलेल्या प्रत्येक गोष्टीच्या उलट.

४ ऑक्टोबर

तीन दिवस पायपेटिंगचा दोष शोधला. मग मॅडमनी विचारलं, "भागायला जे घेतलंय ते स्थिर आहे हे कुणी तपासलं?"

ट्युब्युलिनचे कच्चे पट्टे शेजारी शेजारी ठेवले. वरच्या बाजूला ते स्वतःच दुपटीच्या आसपास. आणि हे असायलाच हवं होतं. पेशीच्या कडेला ट्युब्युलिनच्या सूक्ष्मनलिका असतात आणि सेल्युलोजचे धागे कोणत्या दिशेने विणले जावेत हे त्या ठरवतात. ताणाच्या लाकडात हे धागे पेशीच्या लांबीशी जवळजवळ समांतर होतात. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निलगिरीच्याच खोडावर दाखवलं होतं की बीटा-ट्युब्युलिन बदललं की धाग्यांचा कोन बदलतो. आम्ही मोजपट्टी म्हणून नेमकी तीच गोष्ट घेतली, जी मोजायची होती. पानाच्या प्रयोगांत ट्युब्युलिन चालतं. लाकडात चालत नाही. अ‍ॅक्टिनही पूर्ण विश्वासाचं वाटलं नाही, एका रोपात ते डळमळत होतं.

९ ऑक्टोबर

निलगिरीच्या लाकडावर काम करणारे आधाराला पीपी२ए आणि आयसोसिट्रेट डिहायड्रोजनेज घेतात. दोन्हींचे प्रायमर मागवले, १,३२२ रुपये. कुरिअर दसऱ्यामुळे अडकलं, हातात यायला ९ दिवस.

२२ ऑक्टोबर

दोन्ही आधार वरच्या-खालच्या बाजूला आणि सरळ रोपांतही सारखे आले. तोच सीडीएनए, तेच नमुने, फक्त भाजक बदलला.

एफएलए: तिन्ही कलत्या रोपांत वरच्या बाजूला ठळकपणे जास्त, खालच्या बाजूला २५ फेऱ्यांना जेमतेम दिसतं. सरळ रोपाच्या दोन बाजूंत फरक नाही. सेसए: तिन्हींत वर जास्त, पण एफएलएइतकं नाही. ट्युब्युलिन: जास्त, आता ते निकालात घेतलं. सीसीआर आणि सीएडी: दोन रोपांत वर कमी, तिसऱ्यात सारखं. लिग्निन घटतं असं म्हणायला तीन रोपं पुरत नाहीत, म्हणून तसं लिहिलेलं नाही. नॅकमध्ये काहीच फरक नाही. याचं मला आधी वाईट वाटलं, पण त्यात अर्थ दिसतो. लाकूड तर दोन्ही बाजूंना बनतंच आहे, सुरुवातीची कळ दोन्हीकडे दाबलेली आहे. फरक पडतो तो कोणता माल किती घालायचा यात. मायब-२ तिन्ही रोपांत तीन तऱ्हेचं आलं, त्यावर मी काही म्हणणार नाही.

२८ ऑक्टोबर

ज्या खोडांतून लगदा काढला त्यांचेच छेद घेतले. सॅफ्रॅनिन आणि अल्शियन ब्लू. लिग्निन लाल, नुसतं सेल्युलोज निळं. अ‍ॅस्ट्रा ब्लू मिळालं नाही, अल्शियनने काम होतं.

पुस्तकात दाखवतात तसा पेशीच्या आतला जाड निळा जिलेटिनी थर प्रत्येक छेदात दिसेल अशी माझी खात्री होती. एका रोपात वरच्या बाजूला निळे पट्टे मिळाले, दोन रोपांत शोधूनही सापडले नाहीत. रंग चुकला म्हणून चार दिवस पुन्हा पुन्हा रंगवत बसले. मग २००८ चं एक संशोधन वाचलं. निलगिरीच्या नायटन्स जातीच्या फांद्यांत असा थर नसतानाही वरच्या बाजूच्या धाग्यांचा कोन बदललेला आणि एफएलए वाढलेलं त्यांना आढळलं होतं. थर दिसला नाही म्हणून निकाल फेकून देऊ नका.

दुसऱ्या दोन गोष्टी मात्र तिन्ही रोपांत स्पष्ट दिसल्या. गाभ्यापासून सालीपर्यंतचं अंतर वर जास्त, म्हणजे खोड वरच्या अंगाने वाढलेलं. आणि वरच्या नव्या लाकडात जलवाहिन्यांची भोकं कमी आणि बारीक. छेद मामांना दाखवला तेव्हा ते लगेच म्हणाले, बांधावरच्या कललेल्या निलगिरीचा वासा पाडला की तोंडाला फाटतो आणि सुतार घेत नाही, ते याच्यामुळेच का? बरंचसं याच्यामुळेच. ओढून धरलेलं लाकूड कापल्यावर मोकळं होतं.

६ नोव्हेंबर

छाटणीनंतर बागेत जीएच्या फवारण्या चालू होत्या. जिबरेलिन द्राक्षाचा घड लांबवतं, तसं लाकडाच्या तंतूंवरही काम करतं. २००० साली स्वीडनमध्ये अ‍ॅस्पेनच्या झाडात जिबरेलिन बनवणारं एक जनुक वाढवल्यावर झाड जोमाने वाढलं आणि तंतू लांब झाले. मामांकडचं थोडं द्रावण उरलेल्या बियांच्या चार रोपांवर मारलं. कांडी लांबली, खोड बारीक राहिलं, आणि बियांची रोपं असल्याने तुलना शक्य नव्हती. सोडून दिलं. क्लोनवर, नीट मात्रा ठरवून कुणी केलं तर मला नक्की वाचायला आवडेल.

२४ नोव्हेंबर

तिसरी कापणी, २ कलती आणि २ सरळ. निकाल पक्का करायला नमुने हवे होते म्हणून केली, आणि उशीर झाला होता. सकाळी बोटं बधिर होण्याइतकी थंडी. साल नखाने उचलेना, तुकडे तुकडे निघाली, आणि ब्लेड पहिल्याच ओढीला करकरलं. एका बाजूचा लगदा १५ मिलिग्रॅमसुद्धा भरला नाही. मामांनी सप्टेंबरात सांगितलेलं तेव्हा चाचपून बघायला हवं होतं, रोपं वाचली असती. चारही रोपांच्या नमुन्यांचा आरएनए अपुरा, एकाचेही पट्टे स्वच्छ नाहीत. हे आकडे प्रबंधात धरलेले नाहीत, पण कापणी केली आणि ती फसली हे मात्र लिहिलं आहे.

८ डिसेंबर

हिशोब, आमच्या खिशातला आणि विभागाने दिलेला मिळून: रोपं १,०३२, प्रायमर ६,६०८, नायट्रोजन तीन वेळा १,५००, कॉलमचं किट ११,५००, सीडीएनएचं किट ८,९००, डीएनेज ३,२००. एकूण ३२,७४० रुपये. कॉलमचं किट घेतलं नसतं तर एक तृतीयांश खर्च वाचला असता. त्याचे उरलेले कॉलम ज्युनियरांना पानांसाठी दिले आहेत, पानाला ते उत्तम चालतात.

जे पुन्हा करतील त्यांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोपं कलती करून सप्टेंबर संपायच्या आत सगळ्या कापण्या उरकाव्यात, आणि कलती रोपं निदान सहा घ्यावीत. प्रायमरचे क्रम, फेऱ्यांचे आकडे आणि बफरचं प्रमाण विभागाच्या फाइलमध्ये ठेवलं आहे.

दोन कलती आणि दोन सरळ रोपं उरली होती. ती आज मामांच्या विहिरीजवळच्या बांधावर लावली. कलती दोन बांबूसकट, कलतीच. जूनमध्ये पाऊस लागला आणि साल सुटायला लागली की त्यांतलं एक सरळ करणार आहे. वरची बाजू किती दिवसांनी शांत होते ते बघायचं आहे. ठिपके पुन्हा रंगवले आहेत, आणि पाटी मामींनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आहे.